सुकाणूची जागा आणि हाताला लागणारा जोर: होडीची तिसरी नोंद

दाभोळच्या खाडीत दुपारचा खारा वारा भरला की माझ्या 3.6 मीटर लांबीच्या प्लायवूडच्या होडीचे सुकाणू हाताला फार जड लागते, हे मागच्या नोंदीत लिहिले होते. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत सुकाणूच्या जागेत तीन बदल करून पाहिले. प्रत्येक बदलानंतर सुकाणू फिरवायच्या दांड्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून जोर मोजला, आणि मागच्या फळीवर सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी चिकटवून दांडा मध्यरेषेपासून किती ढळलेला राहतो तेही टिपले. या दोन आकड्यांची कारणे वेगवेगळी असतात, हे मला उशिरा कळले, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दिवशी वाऱ्याला शक्य तितके जवळ धरून, फोनवरच्या जीपीएसनुसार सुमारे 4 नॉट वेगाने जाताना, 90 सेंटिमीटर लांबीच्या दांड्याचे टोक मध्यापासून साधारण साडेनऊ सेंटिमीटर ढळलेले होते, म्हणजे सुकाणू सुमारे 6 अंश वळलेले होते. ते तिथे धरून ठेवायला जवळपास 2 किलो जोर लागत होता. अर्धा तास असे बसले की खांदा भरून येतो, आणि थकलेला हात वाऱ्याचे झोत ओळखू शकत नाही.

दोष पात्याच्या, म्हणजे सुकाणूच्या पाण्यात बुडणाऱ्या फळीच्या, कलात सापडला. पाते खाली धरून ठेवणारी दोरी नायलॉनची होती. वेग वाढला की ती ताणली जाई आणि पाण्याच्या दाबाने पाते मागे सरून जवळपास 20 अंश तिरपे होई. पाण्याचा दाब पात्याच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर एकवटतो, असे लहान कोनांसाठी धरता येते. पाते तिरपे झाले की हा बिंदू बिजागरीच्या रेषेपासून बराच मागे जातो, आणि जितका मागे, तितका तो दांड्याला उलटा ढकलतो. ब्रूस कर्बी यांनी आखलेली लेझर ही 4.23 मीटरची होडी चालवणारे निघण्यापूर्वी पाते खाली ओढणारी दोरी इतकी घट्ट का करतात, ते तेव्हा खरे उमगले. मी न ताणणारी दोरी लावली आणि पाते पूर्ण उभे राहील असा अडसर बसवला. दांड्याचा कोन जवळजवळ तसाच राहिला, पण जोर 800 ग्रॅमच्या आसपास आला.

यानंतर मी नवे पाते घडवले, आणि इथे घाई केली. पात्याची रुंदी 25 सेंटिमीटर आहे. पुढची कड बिजागरीच्या रेषेच्या जितकी पुढे जाईल तितका दांडा हलका, हे खरे असल्यामुळे मी ती 7 सेंटिमीटर पुढे काढली. दाबाचा बिंदू पाव रुंदीवर, म्हणजे कडेपासून सव्वासहा सेंटिमीटरवर असतो, हे गणित मी कागदावर मांडलेही होते, परंतु तो बिजागरीच्या रेषेच्या पाऊण सेंटिमीटर पुढे गेल्याने काय बिघडणार, असे वाटले. पाण्यात मात्र दांडा सोडताच तो मधोमध येण्याऐवजी स्वतःहून आणखी वळू लागला, होडी गर्रकन वाऱ्यात फिरली आणि शीड फडफडत राहिले. तेच पाते परत घासून पुढचा भाग 3 सेंटिमीटरवर आणला, तेव्हा जोर 300 ग्रॅमच्या आसपास स्थिरावला. हा भार मला योग्य वाटतो, कारण दांडा हातात काहीतरी सांगत राहतो. पूर्ण हलके सुकाणू मला नको आहे.

तिसरा बदल म्हणजे लाकडी खोका लावून बिजागऱ्या 15 सेंटिमीटर मागे नेणे. सेंटरबोर्डपासून (होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून मध्यभागी पाण्यात सोडलेल्या फळीपासून) सुकाणूचे अंतर 1.7 मीटरवरून 1.85 मीटर झाले, म्हणजे वळवण्याची ताकद जेमतेम नऊ टक्क्यांनी वाढली. दांड्याचा कोन 6 वरून 5 अंशांवर आला, पण होडीच्या बुडाचा आधार सुटल्यामुळे पात्याच्या वरच्या भागाशी हवा लवकर खेचली जाऊ लागली. मोठ्या कोनात, होडी कललेली असताना, एकदा पात्याची पकडच सुटली. खोका मी काढून टाकला, आणि एवढ्या लांबीच्या होडीसाठी तो पुन्हा लावणार नाही.

राहिलेला कोन सुकाणूने कमी होणारच नव्हता, कारण होडीची वाऱ्याकडे वळण्याची ओढ शिडाचा दाब आणि पाण्याखालचा प्रतिकार यांच्यातील अंतरातून येते. होडी कलली की शिडाचा जोर वाऱ्याखालच्या बाजूला सरकतो आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आणखी वाऱ्याकडे वळते. झोतात शीड थोडे सैल सोडून होडी सरळ ठेवली, आणि सेंटरबोर्ड किंचित वर घेतला. तो बिजागरीवर फिरत असल्यामुळे वर येताना मागे सरकतो, आणि प्रतिकाराचा मध्यही मागे जातो. दांड्याचे टोक पावणेपाच सेंटिमीटरवर, म्हणजे 3 अंशांवर आले. सुकाणू जितके कमी वळलेले, तितका त्याचा अडथळा कमी, त्यामुळे त्याच वाऱ्यात वेगही किंचित वाढल्याचे दिसले.

सध्या पात्याच्या पुढच्या कडेवर फायबरग्लासचा दुसरा थर चढवला आहे. तो वाळला की एप्रिलमध्ये डोलकाठीचे टोक 4 सेंटिमीटर पुढे घेऊन हेच दोन आकडे पुन्हा मोजायचे आहेत, आणि तेव्हा सेंटरबोर्ड पूर्ण खाली ठेवेन.