तुम्ही विचारलंत म्हणून : धरणाला माशांसाठी जिना का बांधत नाहीत?

पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात त्या चढणीच्या माशांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. परदेशात धरणांना जिने असतात, म्हणजे पायरीपायरीने वर जाणाऱ्या पाण्याच्या टाक्यांची रांग, मग आपल्याकडे का नाहीत?

अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून जिना आहे, हे खरं. पण तो मुख्यतः सॅमनसाठी. कित्येक किलोचा, उड्या मारत चढणारा मासा. फूटभर उंचीची पायरी त्याला सहज जमते. आपल्याकडे मृगाच्या पावसात जे चढतात त्यांतले बरेचसे बोटभर ते वीतभर असतात. दोन टाक्यांच्या पाणीपातळीत ३० सेंटिमीटरचा फरक ठेवला तर मधल्या फटीतून पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने येतं. १५ सेंटिमीटरला १.७ मीटर, ५ सेंटिमीटरला १ मीटर. मासा काही सेकंदांपुरता, ढोबळमानाने, स्वतःच्या लांबीच्या दहापट वेग मारतो. म्हणजे १० सेंटिमीटरच्या माशाला ५ सेंटिमीटरची पायरी हीच हद्द. त्याहून उंच पायरीशी तो झुंजतो, दमतो आणि मागे फेकला जातो.

आता कोयना घ्या. उंची १०३ मीटर. १५ सेंटिमीटरची पायरी धरली तरी जवळपास ७०० टाक्या लागतील. तेवढ्या बांधल्याही, तरी खरी अडचण पुढेच आहे. आपले मासे जूनमध्ये चढतात आणि जूनमध्येच आपली धरणं तळ गाठतात. जिन्याचं वरचं तोंड पाण्याच्या कितीतरी वर, कोरडं राहणार. धरण भरून दरवाजे उघडेपर्यंत चढण संपत आलेली असते. मोठ्या धरणांना जिना लावा, असं म्हणूनच मी म्हणत नाही.

माशाची जात बदलली की वाटही बदलावी लागते. १९७५ साली गंगेवर फराक्का बराज, म्हणजे दारं असलेला मोठा बंधारा, सुरू झाला. त्याआधी हिल्सा, म्हणजे आपला पाला, समुद्रातून अलाहाबादच्याही पुढे जायचा. हा मासा उड्या मारत नाही, थव्याने खोल पाण्यातून जातो. त्याच्यासाठी जिन्याऐवजी जलपाश लागतो : खालचं दार उघडून मासे आत घ्यायचे, दार लावून पाणी चढवायचं, मग वरचं दार उघडायचं.

आपल्या हातात मात्र एक गोष्ट आहे : कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. यांच्या खांबांमधल्या गाळ्यांत पाणी अडवायला खाचेत फळ्या सरकवतात, त्या म्हणजे बरगे. इथे जिना लागतच नाही, फक्त बरगे वेळेवर काढायला हवेत. पाऊस लांबला तर पाणी पुरावं म्हणून बरगे शेवटपर्यंत ठेवतात, आणि पहिलाच लोंढा आला की दाबाखाली ते खाचेत अडकून बसतात. अंडी घातलेली नाहीत, पोट गच्च भरलेलं, अशा माद्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी घोळक्याने थडकत राहतात आणि पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणाऱ्याला एका फेकीत मिळतात. सगळे गाळे एका दिवसात मोकळे होत नसतील तर नदीच्या सर्वांत खोल धारेवरचे दोन-तीन आधी करावेत.

बरगे निघाले तरी बंधाऱ्याचा उंबरा राहतो. पुराचं पाणी खालची माती उकरतं आणि काही वर्षांत तळफरशी नदीच्या पात्रापासून हात-दीड हात वर लटकते. उपाय दगडी उताराचा. उतार एकास वीस, म्हणजे अर्ध्या मीटरच्या उडीला १० मीटर लांबी. अर्ध्या मीटरचे दगड एक तृतीयांश गाडून, एकाआड एक असे बसवायचे, की प्रत्येकाच्या मागे माशाला दम खायला संथ पाणी मिळेल. मधोमध खोलगट धार ठेवायची, कमी पाण्यातही तिथे वीतभर खोली हवी. सपाट उतार केला तर पाणी दोन बोटं जाडीने पसरतं आणि माशाची पाठ उघडी पडते. दगडांमधल्या फटी मुरूम-वाळूने ठासल्या नाहीत तर पाणी खालून झिरपून जातं, वर कोरडे दगड. तळचा दगड पात्रात नीट रोवला नाही तर पहिल्याच पुरात सगळा उतार वाहून जातो.

उताराचं खालचं टोक कुठे आहे यावर बरंच काही ठरतं. मासा प्रवाहाचा माग काढत भिंतीपर्यंत येतो आणि तिथेच शोधतो. वाट ३० मीटर अलीकडे सुरू झाली तर तो तिला ओलांडून पुढे जातो, आणि परत फिरून शोधायला फारसा येत नाही. तिथे जाळं लावायला बंदी हवी, नाहीतर आपण नुसतं मासेमारीचं नाकं बांधून देतो.

वामीचं पिल्लू वेगळं. ते समुद्राकडून वर येतं, पोहून नव्हे तर ओल्या, खडबडीत पृष्ठभागावर सरपटत भिंत चढतं. त्याला वरून खालपर्यंत सोडलेला जाड, सतत ओला राहणारा दोर पुरतो.

पावसाळ्यानंतर बरगे परत घालताना एका गाळ्यात वरचा बरगा १५ सेंटिमीटर खाली ठेवावा. सांडणारं पाणी तिथूनच पडतं आणि वर जन्मलेली माशांची पिल्लं त्या धारेबरोबर खाली उतरतात. खाली निदान मीटरभर खोल डोह हवा. उघड्या काँक्रीटवर पडलेलं पिल्लू वाचत नाही.