तुम्ही विचारलंत म्हणून: गावठी पाड्यात मी काय बघतो

"बैलांवर एवढा जीव टाकता, मग खिलार का नाही घेत? आणि या बुटक्या गावठीतला कुठला पाडा पुढे नाव काढणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?" नांगरणीच्या स्पर्धेत, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही मला हा प्रश्न गाठतो. विचारणारा घाटावरचा असला तर त्यात थोडी कीव असते, मुंबईचा चाकरमानी असला तर थोडी गंमत. एकदाचं सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत माझा भात गार होणार नाही. (गावठी म्हणजे आमचं कोकणातलं लहान देशी गुरू; त्याच्या नर वासराला आम्ही पाडा म्हणतो, मादीला पाडी.)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भूगोलातच आहे. माझी शेती संगमेश्वर तालुक्यात, उतारावरची. एकेक कोपरा एवढासा की मोठ्या जोडीचं औत वळायच्या आत बांध येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि लावणीच्या वेळी चिखल पोटरीपर्यंत. खिलार माणदेशचा. कोरडी हवा, कडबा आणि टणक जमीन यांत घडलेला. त्याच्यासारखा देखणा आणि पळणारा बैल महाराष्ट्रात दुसरा नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. पण चारशे किलोंच्या पुढचं धूड आमच्या चिखलात उतरलं की निम्मी ताकद पाय उपसण्यातच जाते, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत खुरांच्या बेचक्यात जखमा धरतात. माझ्या गुरांच्या वाड्यातला गावठी बैल तांबू छातीला ५६ इंच आणि लांबीला ४८ इंच भरतो. छातीच्या घेराचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं, की वजन किलोत मिळतं. तांबू २२८ किलो. एवढ्या वजनाचा बैल चिखलात रुतत नाही आणि कोपऱ्यात आपल्या जागीच वळतो.

ज्यांनी चिखल नांगरणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुलै-ऑगस्टात लावणी उरकत आली की संगमेश्वर, लांजा, चिपळूण या पट्ट्यात गावोगाव मळ्यात चिखल करून निशाणं रोवतात आणि जोडीमागे नांगर धरून शेतकरी पळतो. वेळ घड्याळावर मोजतात. गट दोन, घाटी म्हणजे घाटावरचे मोठे बैल, आणि गावठी. गर्दी घाटीला, मोबाइल घाटीला, बहुतेक ठिकाणी मोठं बक्षीसही घाटीलाच. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून तर खिलार खोंडांचे भाव आमच्यासारख्याच्या हाताबाहेर गेले. गावठी जोडी कुणी मालकाला विचारतही नाही. माझ्यासारख्या कमी पैशाच्या आणि जास्त हौसेच्या माणसाला हे बरंच आहे.

या गुरांना आता सरकारदरबारी नाव आहे. २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 'कोकण कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. त्यामागे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं काम होतं. गोव्याच्या पांढऱ्या गुरांना 'श्वेतकपिला' म्हणून नोंद मिळाली ती त्यानंतर. नोंदीने भाव काही वाढला नाही. दवाखान्यात कागद भरताना जातीच्या रकान्यात लिहायला काहीतरी आलं, इतकंच.

आता दुसरा प्रश्न. पाडा बघायला गेलो की मी आधी त्याची आई सोडायला सांगतो.

स्पर्धेत नंबर काढणारा बैल बडवलेला, म्हणजे खच्ची केलेला असतो, त्याच्यामागे वंश नसतो. गावातला सगळ्यात चांगला पाडा कोणता हे दोनेक वर्षांत सगळ्यांना कळतं, आणि कळलं की लगेच त्याला दवाखान्यात नेऊन चिमटा लावतात. जो कुणाच्याच जोताला आला नाही, जो भातकापणीनंतर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, उनाड फिरतो, तोच गावातल्या गाई फळवतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण निवडक नर बाजूला काढत आलो आणि उरलेल्याला वळू करत आलो. एवढं करूनही अधूनमधून फाकडू बैल निपजतो तो गाईंच्या जोरावर. म्हणून नंबरातला बैल दिसला की मी त्याची किंमत विचारत नाही. त्याची आई कुणाच्या वाड्यात आहे, तिला आधी किती पाडे झाले आणि ते कुणाच्या जोताला आहेत, एवढं विचारतो.

हे मला शिकवलं शेजारच्या वाडीतल्या एका काकींनी. त्यांची काळी गाय मी दुधावरून मोजत होतो. काकी म्हणाल्या, "अण्णा, शेरभर दूध देते म्हणून तिला नावं ठेवू नका. तिचे पाडे कोणाकोणाच्या जोताला हायत ते बघून या आधी." बघून आलो. तीन भाऊ तीन वाड्यांत, तिघांचा रंग वेगळा, बापही बहुधा वेगळे. पण तिघांची चाल एकच. मान खाली, पाठ सरळ, आणि मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या ठशात. काकींच्या गाईची पाडी मी तेव्हा मागून घेतली. आज माझ्या वाड्यातली निम्मी गुरं तिच्या पोटची आहेत.

चालीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच गावठी बैल कळतो. पाड्याला ओल्या, मऊ जमिनीवरून मोकळा चालवायचा, ओढायचा नाही, आणि मग वाकून ठसे बघायचे. मागचा खूर पुढच्या ठशात किंवा त्याच्या किंचित पुढे पडला तर कंबर मोकळी आहे. मागेच पडला तर चौक आखूड आहे किंवा गुडघा ताठ आहे, आणि असा बैल चिखलात दुसऱ्या फेरीला थकतो. ठसा बाहेरच्या बाजूला जास्त खोल असेल तर पाय फेंगडे. नंतर खूर हातात घेऊन बघायचा. मला काळा, घट्ट, दोन्ही नख्या जुळलेला खूर लागतो. फट जेवढी अरुंद तेवढं जांभ्याची खडी अडकायचं भय कमी. पांढरट, पसरट खूर असला की पुढे बघतच नाही, पाडा कितीही देखणा असो. आमच्याकडे बैल डोळ्यांनी म्हातारा व्हायच्या आधी खुरांनी म्हातारा होतो.

वशिंड बघतो, पण खिलारासारखं उंच नको. जू अडेल एवढं, मागे न कलंडणारं. जर्सीच्या संकरातले बैल इथेच मागे पडले. वशिंड नाही म्हणून जू घसरतं, आणि वैशाखात सकाळी नऊला तोंडाला फेस. गळ्याखालची पोळी मध्यम हवी. शिंगं कशीही असोत, मला त्यांचं कौतुक नाही.

मग येतो सगळ्यात अवघड भाग. बुटका पाडा जातीने बुटका आहे की भुकेने?

कोकणातली गुरं लहान आहेत, त्यात जातीचा हात आहे तसा आमच्या दारिद्र्याचाही आहे. पावसाळ्यानंतर पोटात जातो भाताचा पेंढा, ज्यात पोट भरण्यापलीकडे फारसं काही नसतं. जांभ्या जमिनीत स्फुरद कमी, म्हणून गवतातही कमी. गुरं हाडं, चिंध्या चघळताना दिसतात ती त्यामुळे. शिवाय भातखाचरातल्या गोगलगाईंमधून यकृताचे जंत होतात, आणि जबड्याखाली पिशवीसारखी सूज आली की पाडा सहा महिने मागे गेला समजा. असा उपाशी पाडा ओळखता येतो. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पोट घागरीसारखं, केस लांब आणि राठ. जातीचा बुटका पाडा सगळीकडून सारखाच लहान असतो, केस आखूड आणि चमकदार, डोकं हलकं. पहिल्याला जंताचं औषध, क्षारमिश्रण आणि एक पावसाळा पोटभर हिरवा चारा दिला तर तो फोफावून वाढतो आणि मालक चकित होतो. असे पाडे स्वस्तात मिळतात, कारण सगळ्यांना वाटतं की 'गावठीच तो'. मी दोन्ही घेतो, पण वळू ठेवायचा तर फक्त दुसरा.

बडवायचं कधी, यावर आमच्या पशुवैद्यांशी माझा जुना वाद आहे. ते म्हणतात लवकर करा, जनावराला त्रास कमी, आणि त्यांचं खरं आहे. पण फार लवकर बडवलेल्या पाड्याची मान भरत नाही, वशिंड उठत नाही आणि पाय मात्र लांबत जातात, कारण हाडांची वाढ थांबवणारा रस अंगात उरत नाही. दिसायला तो उंच होतो आणि प्रदर्शनात भाव खातो. जोताला मात्र उपयोग नाही. आमच्याकडे दुसा होईपर्यंत, म्हणजे दोन कायमचे दात येईपर्यंत थांबतात. साधारण अडीच वर्षं. मी त्याच्या किंचित आधी, आदत म्हणजे दुधाच्या दातांचा असतानाच, पण मान भरायला लागली की करतो. भूल देऊनच करतो, आणि पावसाळ्यात कधीच नाही.

प्रदर्शनांबद्दल न बोललेलं बरं, तरी बोलतो. एका पशुप्रदर्शनात परीक्षकांनी गावठी आणि खिलार एकाच रांगेत उभे केले आणि उंचीची काठी घेऊन आले. माझ्या बैलाच्या खुरांकडे एकानेही वाकून बघितलं नाही. शेळी आणि म्हैस एका रांगेत उभी करून दूध मोजण्यासारखंच ते. लहान ते मध्यम अंगलट हा ज्या जातीचा नोंदवलेला गुण, तिला उंचीचे गुण कापणारा तक्ता लावला तर लोक पुढच्या वर्षी खिलाराचा संकर करूनच आणणार. तसे आणलेही आहेत काहींनी. लांब पायाचे, पांढुरके, खूर पसरट. बक्षीस घेऊन गेले.

माझा पुतण्या मला अमेरिकेतल्या जत्रांचे व्हिडिओ दाखवतो. तिथेही बडवलेले गोऱ्हे पोरं धुऊन-विंचरून रिंगणात आणतात, पण परीक्षक हात फिरवतो तो पाठीवरच्या मांसावर आणि चरबीच्या थरावर, कारण त्या गोऱ्ह्याचा शेवट खाटकाकडे ठरलेला. तिथेही काळ्या अँगसची चलती, आणि डेक्स्टरसारखी बुटकी आयरिश जात पाळणारा हौशी माणूस कडेला उभा. हेतू वेगळा, पण अडचण तीच: जिंकलेला गोऱ्हा प्रजननाला बाद. फरक एवढाच की जातिवंत कळपात त्याच्या आईबापाची नोंद वहीत असते, म्हणून मालक पुन्हा त्याच जोडीकडे जाऊ शकतो. आमच्याकडे बाप कोण हे सड्यालाच ठाऊक.

म्हणून मी वही ठेवली. गाय, तिची आई, माजावर कधी आली, कुठल्या वळूने फळवली, पाडा की पाडी, पाड्याचं पुढे काय झालं. आणि दुसरं काम केलं ते म्हणजे चांगला बैल निपजलेल्या गाईचा पुढचा पाडा न बडवता ठेवला. भाऊ नांगराला, भाऊ वळू. सोपं वाटतं, पण मोठं खर्चिक आहे. वळू मारका निघू शकतो, त्याला जोताचं काम नाही आणि खाणं दुप्पट. पूर्वी देवाच्या नावाने सोडलेला पोळ असायचा, त्याला गाव पोसायचं. आता पोसणारे कमी आणि बागायतीच्या कुंपणात शिरला म्हणून दगड मारणारे जास्त. तीनेक वर्षांनी तोच वळू स्वतःच्याच लेकींवर येतो. तेव्हा तो पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मित्राकडे जातो आणि त्याचा माझ्याकडे येतो.

पॉवर टिलर आल्यावर पाडा वाढवायचाच कशाला, हा हिशोब लोक करतात, आणि २०१५ च्या कायद्यानंतर बैल कत्तलीला विकता येत नाही, त्यामुळे म्हातारा बैल शेवटपर्यंत पोसणं आलं. मी त्यांना दोष देत नाही. टिलर माझ्याकडेही आहे, मोठ्या मळ्यात तोच चालतो. घरोघरी कृत्रिम रेतनाला गीर आणि जर्सीच्या नळ्या सहज मिळतात. त्यातून दूध वाढतं, ते वाढायलाही हवं. एवढंच म्हणणं आहे की वाडीतल्या दहातल्या दोन गाई तरी गावठी वळूकडेच न्या, आणि त्या दोन कुठल्या हे दुधावरून न ठरवता त्यांच्या पाड्यांवरून ठरवा.

बघायला यायचं असेल तर पावसाळ्यात येऊ नका. जुलैत हिरवं खाऊन सगळीच गुरं गुबगुबीत दिसतात. मे महिन्याच्या शेवटी या, सड्यावर काडी उरलेली नसते तेव्हा. दुपारी चारला गुरं परत येतात, वाटेत जांभ्याची चढण आहे. कुठली गाय न थांबता वर येते तेवढं बघा. तिचा पाडा विकाऊ नसतो, पण पाडीचं बोलू.