तुम्ही विचारलंत म्हणून: घरीच तर होतीस, मग झालं काय?

हा प्रश्न मला मावशीने विचारलाय, वाळपईच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी विचारलाय, आणि मागच्या आठवड्यात मी शिकवते त्या अकरावीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी विचारला. मी महामारीच्या काळात विद्यापीठात शिकत होते आणि नैराश्याने आजारी पडले, हे आता मी लपवत नाही, म्हणून लोक विचारतात. विचारणाऱ्यांत वाईट कुणीच नसतं. बाहेर माणसं मरत होती, तू आईच्या हातचं जेवत होतीस, डोक्यावर छप्पर होतं, मग तुला झालं काय? आजवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

घरीच होते, हेच झालं.

२०१९ साली मी गोवा विद्यापीठात एम.एस्सी.ला आले, वनस्पतिशास्त्र घेऊन. ताळगाव पठारावरचं वसतिगृह. सकाळी मेसचा चहा, मग वर्ग, दुपारभर प्रयोगशाळा, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर दोना पावलाच्या उतारापर्यंत चालणं. तेव्हा वाटायचं की अभ्यास मी माझ्या जिद्दीने करतेय. खरं तर कुणीतरी दार वाजवायचं म्हणून मी उठायचे. कुणीतरी वही मागायचं म्हणून मी ती लिहायचे. प्रयोगशाळेला कुलूप लावायची वेळ व्हायची म्हणून काम हातावेगळं व्हायचं. दिवस उभा राहायला इतकी माणसं लागतात हे ती असेपर्यंत कळलं नाही.

मार्च २०२०मध्ये दोन कपडे पिशवीत टाकून मी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावी आले. आठ दिवसांत परत जायचं होतं. वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेले वनस्पतींचे नमुने खोलीतच राहिले.

घरी अंगणात बाबांचा खनिज वाहायचा टिप्पर उभा होता. मार्च २०१८मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो तसाच उभा होता, हप्ते मात्र चालू होते. काजूचा हंगाम ऐन भरात आणि बाजार बंद. भाऊ बारावीला. या घरात मी शिकून नोकरीला लागणार हा एकच हिशेब सगळ्यांनी मनात धरला होता. तो कुणी बोलून दाखवत नसे, मलाच ऐकू यायचा.

फोनला रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर. जूनपासून ऑनलाइन वर्ग म्हणजे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, पायाला जळवा. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांनी असंच शिक्षण घेतलं. एक दिवस पाऊस जास्त होता म्हणून मी गेले नाही. कारण खरं होतं. मग पाऊस नसलेल्या दिवशीही गेले नाही, आणि त्या दिवशी कारण शोधायचाही कंटाळा आला. पहाटे चारला झोप लागायची, दहाला जाग यायची ती छातीवर पाटा ठेवल्यासारखी.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २२ ऑगस्टला होती. गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधून टांगतात त्या माटोळीचं सामान आणायला बाबांबरोबर रानात जाणं हे शाळेपासून माझं काम. वनस्पतिशास्त्र घ्यायचं कारणही तेच. त्या वर्षी मी आतल्या खोलीत पडून राहिले. बाबा आणि भाऊ सामान घेऊन आले. बाबांनी खिडकीशी येऊन कांगण्यांचा घोस वर धरला आणि विचारलं, "हे काय गो, नाव काय ह्याचं?" कांगणी त्यांना माहीत नाही असं कसं होईल? मलाच त्यांनी ती लहानपणी ओळखायला शिकवली. मी काहीतरी बोलावं म्हणून ते विचारत होते. मी भिंतीकडे तोंड केलं. आजारपणात मी जे जे केलं त्यातलं एवढंच मला अजून झोपू देत नाही.

लोक विचारतात, खूप रडायचीस का? नाही. रडले असते तर घरच्यांना निदान काही कळलं असतं. मला काहीच होत नव्हतं. माशाच्या आमटीला चव नाही, मैत्रिणीचा फोन वाजतोय तर तो वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं, पुस्तकातली तीच ओळ चौथ्यांदा वाचायची. आंघोळ हे दिवसभराचं काम वाटायचं. आणि या सगळ्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत डोक्यात एकच बोलणं: लोकांना श्वास मिळत नाहीय, तू घरी आहेस, तुला काय झालंय? म्हणजे तुमचाच प्रश्न. तो तुमच्या आधी मी स्वतःला विचारलाय, रोज, आणि उत्तर मिळत नाही म्हणून रोज स्वतःला शिक्षा केलीय. म्हणून तुम्ही तो सहज विचारता तेव्हा मी जरा वेळ गप्प होते.

आईने मीठ-मिरच्या ओवाळल्या, देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. एका डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. आईच्या मीठ-मिरच्यांना मी कधी हसले नाही. माझ्याकडे बघून काहीतरी केलंच पाहिजे हे घरात पहिल्यांदा तिलाच कळलं होतं.

मग मे २०२१ उजाडला. गोव्यात चाचणी केलेल्या दोघांमागे जवळजवळ एकजण बाधित निघत होता. १६ तारखेला तौक्ते वादळ आलं, झाडं आडवी झाली, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर फोन चार्ज झाला तर आमच्या विभागातल्या एका मॅडमचे पाच मिस्ड कॉल. वादळानंतर त्या एकेका मुलीला फोन करत होत्या. हजेरीचं त्या बोलल्याच नाहीत. "जेवलीस काय गो?" एवढंच. मी नाही म्हटलं. "काल?" काल काय खाल्लं ते मला आठवेना. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग त्यांनी आईला फोनवर बोलावलं.

आई मला बांबोळीला मनोविकार संस्थेत घेऊन गेली. शेजाऱ्यांना तिने सांगितलं, डोळे तपासायला जातो. शेजारीच मेडिकल कॉलेज, तेव्हा ते खपून गेलं. तिथे नऊ प्रश्नांचा एक कागद असतो: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, झोपेचं काय, भुकेचं काय. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. माझे सतरा झाले. नववा प्रश्न मरून जावंसं वाटण्याचा. त्याच्यापुढे मी खूण केली तेव्हा आई कागदाकडे बघत होती. परतीच्या वाटेवर तिने माझा हात सोडला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला आठवडाभर मळमळ, फरक जाणवायला तीन आठवडे. त्याबरोबर एका समुपदेशक ताईंशी दर आठवड्याला फोनवर बोलणं, आणि त्यासाठी पुन्हा तोच सडा चढायचा. मला वाटलं त्या बालपणाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, पूर्वी काय आवडायचं? मी म्हटलं, पानं गोळा करायला, पण आता नाही आवडत. त्या म्हणाल्या, आवडू नकोच दे. उद्या सकाळी कुळागरापर्यंत जा, एक पान आण, पेपरात दाब, आणि वहीत वेळ लिही.

मला ते पोरकट वाटलं. मन लागलं की माणूस काम करतो हे मी धरून चालले होते. ताईंचं म्हणणं उलटं होतं. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडतो, त्या गोष्टींबरोबर त्यांतून मिळणारं थोडंथोडं समाधानही जातं, त्यामुळे मन आणखी खचतं आणि माणूस आणखी सोडतो. हे चक्र मनाच्या बाजूने थांबवता येत नसेल तर हातापायांच्या बाजूने थांबवायचं. पहिल्या दिवशी मी अंगणाच्या गडग्यापर्यंत गेले आणि परत आले. तेही वहीत लिहिलं. तिसऱ्या दिवशी सुपारीच्या बुंध्याजवळचं नेचं आणलं. त्या आठवड्यात आनंद वगैरे काही झाला नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका पानाच्या मागचे बीजाणू बघता बघता चहा निवला, आणि मला चहा निवल्याचं वाईट वाटलं. कितीतरी महिन्यांनी मला कशाचं तरी वाटलं होतं.

पुढे कळलं की या पद्धतीची मोठी परीक्षा आपल्या गोव्यातच झालीय. १९९६मध्ये इथे सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत असंच काम केलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के सावरले होते. नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६च्या डिसेंबरात ते प्रसिद्ध झालं. हे सगळं आमच्या तालुक्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर चालू होतं आणि आम्ही मीठ-मिरच्या ओवाळत होतो, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत शरीरातल्या सगळ्या हाडांची नावं पाठ करून घेतली, हे कुणी सांगितलं नाही.

मी एकटी नव्हते हेही नंतर कळलं. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंताविकार २५ टक्क्यांनी वाढले असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये सांगितलं. झळ जास्त बसली ती तरुणांना आणि बायकांना. माझ्याच वर्गातल्या सगळ्यांना का झालं नाही? काहींच्या घरी रेंज होती, काहींच्या घरी पगार येत होता, काहींचं मन मुळात वेगळं घडलेलं. काही जणींना झालं होतं आणि त्या बोलल्या नाहीत, हे मला आता माहीत आहे.

२०२१ची चवथ १० सप्टेंबरला होती. मी रानात गेले, माटोळी बांधू लागले, आणि दुपारी दमून झोपून गेले. गोळ्या त्यानंतरही बरेच महिने चालू होत्या. एम.एस्सी.चा निकाल माझ्याकडून घरच्यांना होती त्या अपेक्षेपेक्षा कमी लागला. बाबांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.

मागच्या आठवड्यात ते वडील आले होते ते मुलीच्या गैरहजेरीबद्दल बोलायला. "घरीच तर असते, मोबाइल आहे, सगळं आहे, मग झालं काय?" मी त्यांना खुर्ची दिली आणि वर लिहिलं त्यातलं बरंचसं सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो. बांबोळीला जायला सकाळी कुठली बस बरी पडते तेही सांगितलं. त्यांनी नंबर बसच्या तिकिटामागे लिहून घेतला. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"टीचर, शेजाऱ्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, डोळे तपासायला जातो म्हणून सांगा. आमच्या आईनेही तेच सांगितलं होतं. पण उद्याच जा.