खालचा आकडा वर कसा चढतो? जिरा, ॲझ्युर डेव्हऑप्स आणि रॅली

सॉफ्टवेअर टीमचं काम आखणाऱ्या प्लॅनिंग टूलच्या डेमोत एक रंगीत रोडमॅप हमखास असतो. डावीकडे फीचरांची नावं, उजवीकडे तिमाहीभर पसरलेल्या पट्ट्या आणि एका पट्टीवर ‘६२ टक्के पूर्ण’. विकणाऱ्याला तिथेच थांबवून विचारावं, हे ६२ आले कुठून? तिकिटं म्हणजे कामाच्या सुट्या नोंदी मोजून, पॉइंटांची म्हणजे कामाच्या आकाराच्या अंदाजांची बेरीज करून, की कोणी हाताने भरून? उत्तर देताना तो पुढची स्लाइड लावू लागला तर खरेदीबद्दलचं बरंचसं तिथेच कळतं.

आठ-दहा टीम आणि सत्तर-ऐंशी माणसं असलेल्या संस्थेत टूलचं खरं काम हेच असतं. डेव्हलपरने तिकीट हलवलं की तो बदल स्टोरी (कामाचा छोटा तुकडा), फीचर, एपिक (त्याहून मोठे गट) असा चढत वरपर्यंत गेला पाहिजे, मधे कोणी एक्सेलला हात न लावता. बोर्ड, बर्नडाउन (उरलेलं काम दाखवणारा आलेख), कॉमेंटमध्ये नाव घेऊन हाक मारणं हे आता सगळ्यांकडेच आहे, त्यावर तुलनेचे तक्ते भरण्यात अर्थ नाही. टूलं वेगळी पडतात ती या चढणीवर.

त्यासाठी टूलचं कूळ आधी पाहावं. जिरा २००२ मध्ये बग नोंदवायचं साधन म्हणून आलं आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. त्याच्या दृष्टीने सगळं जग म्हणजे सुटी तिकिटं. ॲझ्युर डेव्हऑप्स हे मायक्रोसॉफ्टच्या टीम फाउंडेशन सर्व्हरच्या कुळातलं, हे नाव त्याला २०१८ मध्ये मिळालं. ते कोड, बिल्ड आणि कामाची नोंद एकाच छपराखाली घेऊन जन्मलं. रॅली मात्र कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करणाऱ्या टीमांसाठीच तयार झालं. त्यामुळे त्यात पदानुक्रम पहिल्यापासून कडक आहे आणि कोडशी नातं दूरचं.

जिरा: मोकळीक आणि तिची किंमत

जिराच्या मूळ रचनेत तीनच पायऱ्या आहेत: एपिक, त्याखाली स्टोरी किंवा टास्क, त्याखाली सबटास्क. एपिकच्या वर ‘इनिशिएटिव्ह’सारखी पायरी हवी असेल तर प्रीमियम किंवा त्यावरचा प्लॅन घ्यावा लागतो. अनेक टीमचं काम एकत्र दाखवणारा, पूर्वी ‘ॲडव्हान्स्ड रोडमॅप्स’ म्हणून ओळखला जाणारा भागही तिथेच मिळतो. या भागातल्या आराखड्यात ओढलेली पट्टी सेव्ह करेपर्यंत तिकिटात उतरत नाही. ‘काय झालं तर’ अशी मांडणी करून बघायला हे सोयीचं आहे. पण सेव्ह करायचं राहिलं की आराखड्यात एक तारीख आणि टीमच्या बोर्डवर दुसरी, आणि दोन्हीकडचे लोक शपथेवर आपलीच खरी म्हणतात.

बेरीज सगळ्यात जास्त बिघडते ती प्रोजेक्टच्या प्रकारामुळे. जिरा क्लाउडमध्ये कंपनीने सांभाळायचे आणि टीमने सांभाळायचे असे दोन प्रकारचे प्रोजेक्ट असतात. पहिल्यात अंदाज ‘स्टोरी पॉइंट्स’ या फील्डमध्ये जातो, दुसऱ्यात ‘स्टोरी पॉइंट एस्टिमेट’मध्ये. नावं सख्ख्या भावांसारखी, पण डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी फील्ड आहेत. पाच टीम पहिल्या प्रकारात आणि तीन दुसऱ्या प्रकारात असतील, तर पॉइंटांच्या एकत्रित रिपोर्टमध्ये तीन टीमचं काम शून्य दिसतं, आणि एररही येत नाही. म्हणून नवीन प्रोजेक्ट उघडायची परवानगी पहिल्या दिवसापासून मोजक्या लोकांकडे ठेवावी. सगळ्यांना दिली की वर्षभरात ‘टीम’, ‘टीम नेम’ आणि ‘स्क्वॉड’ अशी तीन फील्डं उगवतात आणि फिल्टर लिहिणारा तिघांनाही नमस्कार करत बसतो.

‘झालं’ म्हणजे काय, हे जिरा तीन ठिकाणी ठरवतं आणि ती तीन ठिकाणं आपोआप जुळत नाहीत. एक म्हणजे तिकिटाची स्थिती. दुसरं म्हणजे बोर्डाचा सगळ्यात उजवा रकाना. स्प्रिंटचे (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याचे) रिपोर्ट फक्त त्या रकान्यात पोचलेलं काम पूर्ण धरतात. उजव्या टोकाला ‘रिलीज झालं’ हा रकाना असेल आणि रिलीज महिन्यातून एकदाच होत असेल, तर टीमने कितीही काम संपवलं तरी बर्नडाउन सपाट राहतो. तिसरं ‘रेझोल्यूशन’ हे तिकिटाचा निकाल सांगणारं फील्ड. ते रिकामं असेल तर स्थिती ‘डन’ असूनही तिकीट अपूर्णांच्या यादीत राहतं. त्यावर उपाय वर्कफ्लोमध्ये आहे. शेवटच्या संक्रमणाला (एका स्थितीतून दुसरीत जाण्याला) रेझोल्यूशन भरणारी पोस्ट-फंक्शन, म्हणजे आपोआप होणारी क्रिया, जोडायची आणि पुन्हा उघडणाऱ्या संक्रमणाला ते पुसणारी. घाईत केलेल्या दुरुस्त्यांतून नवे घोळ होतात. कोणी ते फील्ड तिकीट तयार करायच्या स्क्रीनवर टाकतो, मग तिकीट जन्मतःच सुटलेलं, नावावर आडवी रेघ. कोणी रेझोल्यूशनच्या यादीत ‘अनरिझॉल्व्ड’ नावाचा पर्याय घालतो. फील्डमध्ये काहीही भरलं असलं की जिराच्या लेखी विषय मिटलेला, मग त्याचं नाव काही का असेना.

प्रीमियमचे पैसे वाचवायला ऑटोमेशनचा नियम लिहून पॉइंट एपिकवर चढवायचा मार्ग बरेच जण सुचवतात. आधी गुणाकार करावा. २०२३ च्या अखेरीस आलेल्या मर्यादेनुसार स्टँडर्ड प्लॅनवर जिरासाठी महिन्याला १,७०० वेळा नियम चालतात. सत्तर जणांनी दिवसाला दोनच तिकिटं हलवली तरी १४० हालचाली, वीस कामाच्या दिवसांत २,८००. बाराव्या-तेराव्या दिवशी कोटा संपतो आणि महिनाअखेरच्या आढाव्यात शिळे आकडे वाचले जातात.

ॲझ्युर डेव्हऑप्स: एकच प्रोजेक्ट, अनेक टीम

इथे प्रोजेक्ट उघडतानाच प्रोसेस निवडावी लागते: बेसिक, अजाइल, स्क्रम किंवा सीएमएमआय. अजाइल प्रोसेसमध्ये एपिक, फीचर, युजर स्टोरी, टास्क अशा चार पायऱ्या तयारच मिळतात. बॅकलॉगवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, रोल-अपचा (खालची बेरीज वर दाखवणारा) रकानाही उपलब्ध आहे. ‘कॉलम ऑप्शन्स’मध्ये जाऊन पूर्ण झालेल्या कामाची पट्टी किंवा पॉइंटांची बेरीज निवडली की फीचरसमोर आकडा येतो. त्यासाठी जादा प्लॅन घ्यावा लागत नाही. माझ्या मते या टूलचं हे सगळ्यात कमी वाखाणलं गेलेलं बलस्थान आहे.

अट एकच, पण जाचक आहे. ही बेरीज त्या प्रोजेक्टपुरतीच होते. फीचरला दुसऱ्या प्रोजेक्टमधली स्टोरी जोडता येते, पण ती मोजली जात नाही. प्रत्येक टीमला स्वतंत्र प्रोजेक्ट दिला की मोठ्या संस्थेला या सोयीचा उपयोग उरत नाही. योग्य मांडणी म्हणजे एकच प्रोजेक्ट, त्यात अनेक टीम, आणि प्रत्येक टीमचा स्वतःचा एरिया पाथ (प्रोजेक्टमधला कामाचा विभाग). एकच एरिया पाथ दोन टीमना कधी देऊ नये. दोघींच्या बोर्डचे रकाने वेगळे असले की एका बोर्डवरची हालचाल दुसऱ्यावर विचित्र दिसते. हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो, कारण वर्क आयटम नंतर हलवता येतात, पण रिपॉझिटरी आणि पाइपलाइनसकट दहा प्रोजेक्ट एकत्र करणं म्हणजे घर हलवणं.

दुसरी चूक स्टोरीखाली स्टोरी लावण्याची. टूल अडवत नाही, पण बॅकलॉगवर ओढून क्रम लावता येत नाही आणि मधल्या पायऱ्या काही ठिकाणी दिसेनाशा होतात. मोठी स्टोरी असेल तर ती फीचर करावी. तिसरी चूक नवीन स्थिती जोडताना होते. ‘टेस्टिंग सुरू’ अशी स्थिती तयार करताना ती कोणत्या गटात जाणार ते विचारलं जातं, आणि घाईत पहिला पर्याय निवडला जातो. व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये टीम किती काम संपवते ते माप) ‘कम्प्लीटेड’ गटाकडे पाहते, स्थितीच्या नावाकडे नाही.

खर्चात एक मोठा फरक आहे. पहिले पाच बेसिक वापरकर्ते फुकट, आणि ‘स्टेकहोल्डर’ प्रकारचे लोक कितीही असले तरी फुकट. बिझनेसकडच्या चाळीस जणांना फक्त बघायचं आणि कॉमेंट करायची असेल तर बिल बरंच उतरतं. खाजगी प्रोजेक्टमधला कोड मात्र त्यांना दिसत नाही. बहुतेकांना तो बघायचाही नसतो.

रॅली: कडक मास्तर

रॅलीत स्टोरीचा प्रवास डिफाइन्ड, इन-प्रोग्रेस, कम्प्लीटेड, ॲक्सेप्टेड असा ठरलेला आहे. शेवटच्या दोन पायऱ्यांमधला फरक महत्त्वाचा. टीमने संपवलं ते ‘कम्प्लीटेड’, प्रॉडक्ट ओनरने (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याने) पाहून मान्य केलं ते ‘ॲक्सेप्टेड’. जिरात हा फरक रकाना बनवून आणावा लागतो, इथे तो टूलच्या हाडात आहे. प्रॉडक्ट ओनर आठवडाभर फिरकला नाही तर ते चार्टवर उघड दिसतं. काही ठिकाणी रॅली नावडतं असण्याचं हे एक खरं कारण असावं.

अर्धवट राहिलेली स्टोरी दुभागण्याची रीतही सरळ आहे. एक भाग ‘अनफिनिश्ड’ म्हणून जुन्या इटरेशनमध्ये (रॅलीतल्या स्प्रिंटमध्ये) राहतो, दुसरा ‘कंटिन्यूड’ म्हणून पुढच्यात जातो आणि दोन्ही एका पालक स्टोरीखाली येतात. मागच्या स्प्रिंटचा इतिहास पुसला जात नाही.

त्याचा काटेकोरपणा नडतो तो इटरेशनच्या नावांत. रॅलीत टीम म्हणजे प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्टांची उतरंड असते. वरच्या प्रोजेक्टमधून खालच्या सगळ्यांचं इटरेशन एकत्र दिसायला नाव, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख तिन्ही तंतोतंत जुळावी लागतात. सात टीमनी ‘स्प्रिंट १४’ लिहिलं आणि आठवीने ‘स्प्रिंट-१४’, की आठवी गायब. म्हणून इटरेशन वरून एकदाच तयार करून खाली उतरवावं, टीमना हाताने लिहू देऊ नये.

वरचा मजला

जिरा अलाइन, टार्गेटप्रोसेस, डिजिटल डॉट एआयचं अजिलिटी ही मंडळी टीमच्या टूलच्या वर बसतात किंवा बसू शकतात. सेफ या मोठ्या संस्थांसाठीच्या अजाइल चौकटीप्रमाणे ८ ते १२ आठवड्यांचे प्लॅनिंग इंटरव्हल (पूर्वीचे प्रोग्राम इन्क्रिमेंट) आखणाऱ्या, ५० ते १२५ माणसांच्या एकाहून अधिक ट्रेन (एकत्र आखणी करणाऱ्या टीमांचे गट) चालवणाऱ्या संस्थेलाच त्यांचा विचार करावा लागतो. तेवढं होत नसेल तर हा मजला रिकामाच राहतो, भाडं मात्र चालू. जिरा अलाइनमध्ये नावांचाही गोंधळ आहे. जिरातलं एपिक तिथे ‘फीचर’ होतं आणि तिथलं ‘एपिक’ त्याहून वरची वेगळीच वस्तू असते. बैठकीत ‘एपिक उशिरा आहे’ असं कोणी म्हटलं की कुठलं, हे आधी विचारावं लागतं.

या बाजारात मालकही वारंवार बदलतात. रॅली २०१५ मध्ये सीए टेक्नॉलॉजीजकडे गेलं आणि २०१८ मध्ये सीएसकट ब्रॉडकॉमकडे. व्हर्जनवन (आजचं अजिलिटी) बनवणारी कंपनी २०१७ मध्ये कोलॅबनेटमध्ये मिसळली आणि २०२० मध्ये डिजिटल डॉट एआय झाली. टार्गेटप्रोसेस २०२१ मध्ये ॲपटिओने घेतलं आणि ॲपटिओ २०२३ मध्ये आयबीएमने. ॲटलासियनने जिरा सर्व्हरचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला संपवला. तीन वर्षांचा करार करताना ही यादी समोर असलेली बरी.

पुण्याहून अमेरिकेच्या टूलमध्ये

हिंजवडी-खराडीतल्या कितीतरी टीम ग्राहकाच्या टूलमध्ये काम करतात आणि स्वतःच्या कंपनीच्या टूलमध्ये तेच पुन्हा भरतात. दोन्ही टूल जोडणारं सिंक बसवताना प्रत्येक फील्डचा एकच मालक ठरवावा. स्थिती ग्राहकाची खरी, तास आपले खरे, असं. दुतर्फा सिंकमध्ये एकच फील्ड दोन्हीकडून बदललं की जो शेवटी लिहील तो जिंकतो, आणि रात्री झोपेत असलेली बाजू हरते.

वेळेचाही प्रश्न आहे. जिरात बर्नडाउनची सुरुवात ‘स्टार्ट स्प्रिंट’ बटण दाबल्याच्या क्षणी होते. न्यूयॉर्कच्या प्रॉडक्ट ओनरने ते सकाळी ९ ला दाबलं तर इथे संध्याकाळचे ६:३० किंवा हिवाळ्यात ७:३० झालेले असतात. त्याआधी दिवसभरात संपवलेलं काम त्या स्प्रिंटमध्ये ‘पूर्ण केलेलं’ म्हणून धडपणे दिसत नाही, आणि नंतर घातलेली तिकिटं ‘व्याप्ती वाढली’ म्हणून नोंदली जातात. बटण भारतातल्या स्क्रम मास्टरने सकाळी दाबावं, एवढं ठरवलं तरी पुरतं.

चाचणी

डेमोवर विसंबू नये. तीन बनावट टीम, दोन फीचर आणि बारा स्टोरी प्रत्येक टूलमध्ये भराव्यात. मग मुद्दाम खोड्या काढाव्यात. चालू स्प्रिंटमध्ये एक स्टोरी दुसऱ्या टीमकडे हलवावी. एक अर्धवट स्टोरी दुभागावी. खालचं काम उघडं ठेवून फीचर बंद करावं. एका टीमची ‘झालं’ची व्याख्या बदलावी. एका टीमवर अवलंबून असलेल्या कामाची तारीख दोन आठवडे पुढे ढकलावी आणि दुसऱ्या टीमला ते कळतं का पाहावं. प्रत्येक खोडीनंतर वरच्या रोडमॅपवरचा आकडा लिहून ठेवावा. दोन दिवसांचं काम आहे.

चाळीसच्या आत माणसं असतील आणि कोड गिटलॅबवर असेल तर आधी तिथलाच बोर्ड पाहावा. एपिक मात्र तिथे पैसे भरल्यावरच मिळतात, आणि एपिकखाली एपिक सगळ्यात वरच्या प्लॅनवर. कोड आणि पाइपलाइन ॲझ्युरमध्ये असताना जिरा निवडायला मला सबळ कारण लागेल. आणि जिरा निवडायचं तर पूर्ण वेळ ॲडमिनचा पगार पहिल्या वर्षाच्या हिशेबातच धरावा.

चाचणीतली शेवटची खोडी म्हणजे सगळा डेटा बाहेर काढणं. जिराच्या सीएसव्हीत आजची स्थिती येते, कॉमेंट येतात, पण तिकीट कुठल्या दिवशी कुठल्या रकान्यात होतं ते येत नाही. ॲझ्युरच्या क्वेरीतून एक्सेलमध्येही आजचंच चित्र उतरतं. सायकल टाइम, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, निघतो तो या हालचालींच्या नोंदीतून. ती नोंद एपीआयमधून वेगळी ओढावी लागते आणि जुन्या टूलची लायसन्स चालू असेपर्यंतच ओढता येते. स्थलांतराच्या आराखड्यात हे काम बहुतेकदा शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं असतं. ते पहिल्या आठवड्यात हलवावं, आणि ओढलेल्या फाइलमधून कुठल्याही दहा जुन्या तिकिटांचा सायकल टाइम काढून जुन्या टूलच्या चार्टशी ताडून पाहावा.