पानाच्या आकाराची शाळा, जी झालीच नाही

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबाग काढून मोकळी झालेली जमीन. तिथे पहिली ते चौथीची शाळा बांधायची होती. संस्थेचे अध्यक्ष, आमचे अण्णा, पहिल्याच भेटीत म्हणाले, "शाळा बघितली की निसर्ग आठवला पाहिजे." मी तीन आठवडे जागून पिंपळपानाच्या आकाराची इमारत काढली. मधोमध शीर म्हणून लांब बोळ, दोन्ही अंगांना वर्ग, वर शिरेकडे उतरणारा स्लॅब. अण्णा खूश. ड्रोनमधून ती कशी दिसेल यावरच अर्धा तास गेला.

जागेवर नकाशा पसरला तेव्हा मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, वर्गात बसलेल्या पोराला हे पान दिसणार कुठून?" मी काही बोलायच्या आत दुसरं, "आणि शिरेत पाणी साचलं की स्लॅब गळणार. झाडाचं पान पाणी धरत नाही, टोकातून सोडून देतं."

पिंपळाला ते लांब टोक असतं ते पाणी निथळायला, हे मी शाळेत शिकले होते. आणि प्लॉटमध्ये बसेना म्हणून नेमकं तेच टोक मी छाटलं होतं.

नवा नकाशा काढायला घेण्याआधी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत परवानगी काढून पहिलीच्या मुलांशेजारी सतरंजीवर बसले. खिडकीची उंबरठापट्टी तीन फुटांवर. खाली बसल्यावर नुसतं आभाळ आणि विजेची तार. बाहेर चिंच होती, ती फक्त बाईंना दिसत होती! आमच्या तळमजल्याच्या खिडक्या मी तिथेच ठरवल्या : जमिनीपासून सव्वा फूट, रुंद कट्टा, बाहेरून गज. आज मुलं त्या कट्ट्यावरच डबा खातात.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात. तिथे इमारतीचा प्रश्नच नव्हता. आम्हा आर्किटेक्ट मंडळींना हे जरा टोचतंच.

जागेवर एक जुना उंबर होता, माझ्या पानाच्या बरोबर मध्ये. तोडायचा तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी, म्हणजे आणखी एक फाइल. अण्णांचं म्हणणं, "फळं पडून घाण होते, माश्या येतात." खरं होतं ते. पण पाखरंही येतात. शेवटी इमारतच वळवली : सहा वर्ग उंबराभोवती अर्ध्या कोंडाळ्यात, खोदाई मुळांपासून लांब. बसले पहिली ते चौथीचे चार आणि दोन जादा, शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने दर तीस मुलांमागे एक शिक्षक धरून.

निसर्गाशी जुळवून बांधणं म्हटलं की सगळे उन्हाळ्याबद्दलच बोलतात. इथे डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला पोरं कुडकुडतात, त्याचं काय? म्हणून परिपाठाचं अंगण पूर्वेला. दक्षिणेला पडवी : नाशिक साधारण वीस अंश अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरात भर दुपारचा सूर्य ४६-४७ अंशांवरच असतो, ऊन पडवीखालून थेट वर्गात येतं. एप्रिलमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, ऊन पडवीवरच अडतं. वारुळावरून सुचलेली, झिम्बाब्वेतल्या हरारेची १९९६ ची ईस्टगेट सेंटर ही प्रसिद्ध इमारत मीही अण्णांना दाखवली होती. पण तिथे हवा खेळवायला पंखे लागतात. आम्ही आढ्याखाली जाळ्या ठेवल्या, गरम हवा वर जाऊन निघून जाते. पत्रा नको म्हणून भांडले, कारण पावसात पत्र्याखाली बाईंचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. कौलं महाग पडली. त्यापायी कुंपणाची शोभेची भिंत गेली, अण्णा आठवडाभर बोलले नाहीत.

पिंपळाचं टोक मात्र परत आणलं. पन्हळीच्या शेवटी काळ्या दगडाची निमुळती चोच, तिच्यातून पाणी दगडी चरात आणि चरातून उंबराच्या आळ्यात. मिस्त्रींनी कौलांवर स्वतः तीन बादल्या ओतून उतार तपासला. तिसऱ्या बादलीला चोचीखाली हात धरून म्हणाले, "आता सोडतंय."

जूनमध्ये शाळा उघडली, त्याच आठवड्यात पाऊस. मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकाबाईंचा फोन, "मॅडम, सगळा दुसरीचा वर्ग त्या चरात उभा आहे. मोजे वाळत घालायला पडवीत दोरी बांधून मिळेल का?"

दोरी बांधली. आता तिथे खुंट्याही आहेत, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर.