तुम्ही विचारलेत म्हणून: संकासुर अर्धवट का राहिला

फोंड्यात चार ओळखीची माणसे भेटली की त्यांतले एक तरी विचारतेच: संगणक असताना काळा पुठ्ठा कापून चित्रपट करण्याचा हट्ट कशाला, आणि धरलाच होता, तर संकासुर राक्षसाचा तो चित्रपट पुरा का केला नाहीत? आजवर मी विषय टाळत आले. आज लिहिते.

हट्ट लोटे रायनिगर यांच्यामुळे. १८९९ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या बाईंनी १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे खपून राजपुत्र अख्मदच्या साहसांचा पूर्ण लांबीचा, पुठ्ठ्याच्या सावल्यांचा चित्रपट केला. आज पाहायला मिळणाऱ्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना, डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या अकरा वर्षे आधीचा. कॅमेरा नवरा, कार्ल कोख, सांभाळत असे. मग श्रेय त्याचेच ना, असेही मला विचारतात. नाही. कात्री बाईंच्या हातात होती.

माझा संकासुर आमच्या जत्रेच्या काल्यातला, म्हणजे दशावतारी नाटकातला. खालून उजळलेल्या काचेवर तो ठेवायचा, केसभर हलवायचा, वरून एक चित्र घ्यायचे. सेकंदाला बारा चित्रे. सावलीला चेहरा नसतो, म्हणून त्याचा राग मला मनगटातून आणि मानेतून काढावा लागे. जुलैत बारा दिवस खपून चारशे ऐंशी चित्रे, म्हणजे चाळीस सेकंद, झाली होती. तेराव्या दिवशी पहाटे वीज गेली ती संध्याकाळी आली. दिवा लागल्यावर पाहिले, तर पुठ्ठ्याने दमट हवा पिऊन अंग फुगवले होते, उजवा हात काचेवरून वर उचलला गेला होता, आणि त्याची कड धुरासारखी पसरली होती. हात दाबून धरला, तर तारेचा सांधाच फाटला. नवा हात कापला. तो मागच्या चित्रांशी जुळेना. ज्यांच्यासाठी काम चालले होते त्यांनी मुदत वाढवून दिली नाही.

पण दोष पावसाचा नव्हे. रायनिगर आकृत्यांत पुठ्ठ्याबरोबर शिशाचा पातळ पत्रा वापरत, हे मी वाचले होते. वजनाने आकृती काचेवर सपाट बसते. मला वाटले, पुठ्ठा पुरेल.

संगणकात जीव नसतो, असे तेव्हा मी ठासून सांगत असे. आता सांगणार नाही. संकलन मी संगणकावरच करते. तरी कात्री सोडवत नाही, आणि याचे तुम्हाला पटेल असे कारण माझ्याकडे नाही. महायुद्धात रायनिगर यांच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली, तरी पुढे लंडनला जाऊन त्या परीकथांचे लघुपट कापतच राहिल्या. माझा एक हात फाटला आणि मी थांबले, हे मला अजून सलते.

गेल्या उन्हाळ्यात शिशाचा पत्रा आणला. संकासुराच्या डब्याशेजारी तो गुंडाळून ठेवला आहे, अजून कापलेला नाही.