मुलीसाठी कुठली ब्रँच बरी?

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन खाली ठेवायची सोय नसते. सोसायटीतले, माहेरचे, जुन्या विद्यार्थिनीचे दीर, कोण कोण. "मॅडम, पर्सेंटाइल बरं आलंय. मुलीसाठी कुठली ब्रँच बरी?" मुलाचा बाप असेल तर विचारतो, "सध्या स्कोप कशाला आहे?" मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून दोन्ही प्रश्न माझ्याच वाट्याला येतात.

तर विचारलंत म्हणून सांगते: मुलींची अशी वेगळी ब्रँच नसते. या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, हेही ठाऊक आहे. कारण पोटात दुसरंच असतं. मेकॅनिकल घेतलं तर प्लांटवर रात्रपाळी, सिव्हिल घेतलं तर साइटवर सगळे पुरुष, परतीची कल्याण लोकल किती वाजताची, आणि उद्या स्थळं बघताना काय सांगायचं. कॉम्प्युटर म्हणजे कसं, एसी ऑफिस, जमलं तर घरूनच काम. एकदा एका आईंनी हे सगळं स्पष्ट बोलून दाखवलं. मला बरं वाटलं. लोकलची काळजी असेल तर लोकलबद्दलच बोलू या की! त्यासाठी मुलीची आवड कशाला बदलायची?

विज्ञानात मुली मागे आहेत, हे तर मनातून काढूनच टाका. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखांमध्ये 57.2 लाख विद्यार्थी होते, त्यांत 29.8 लाख मुली. मुलांपेक्षा जास्त. इंजिनिअरिंगमध्ये मात्र दहांत साधारण तीन. बीएस्सी घराजवळ आणि कमी फीत उरकतं. इंजिनिअरिंगला लाखांत पैसे लागतात आणि घरात धाकटा भाऊ असतो. राज्यातल्या प्रवेशात मुलींना 30 टक्के आरक्षण आहेच. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आयआयटींत मुली दहा टक्क्यांच्याही खाली होत्या, तिथे 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या. दार उघडलंय, हे खरं.

पण मी जे बघते ते दाराच्या आतलं. चौघांचा ग्रुप, मधोमध ब्रेडबोर्ड, म्हणजे सर्किट जोडायची भोकाभोकांची पाटी. दोन मुलगे जोडणीसाठी वाकतात आणि मुलगी वही उघडते. "मॅडम, माझं अक्षर चांगलंय, म्हणून रीडिंग मी लिहिते." ट्रान्झिस्टरच्या कुठल्या पायाला काय, हे तिला त्या दोघांपेक्षा पक्कं माहीत असतं. पण सिग्नलची लाट दाखवणाऱ्या सीआरओवर नुसती सरळ रेघ आली की प्रोब हलवून बघणारा हात मुलाचा. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिला पैकीच्या पैकी. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि पीपीटी तिच्याकडे, हार्डवेअर "मुलं बघतात". मग मुलाखतीत समोरचा विचारतो, "यात तू काय केलंस?"

म्हणून माझ्या लॅबमध्ये वही फिरती असते. गेल्या वेळी ज्याने जोडणी केली, त्याने आज लिहायचं. मुलगे कुरकुरतात, त्यांना लिहायचा कंटाळा. मुली त्याहून जास्त कुरकुरतात. दहावीपासून हुशार म्हणून नावाजलेल्या या पोरींना चारचौघांत चुकायची सवयच नसते. एकीने सप्लाय उलटा जोडून आयसी, म्हणजे चिप, जाळला. 741 नंबरचा, पंधरा-वीस रुपयांचा, पण वास सगळ्या लॅबभर. ती रडकुंडीला आली. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी कपाटातून श्रीखंडाचा जुना डबा काढून तिच्यापुढे उघडला: आजवर जळलेले सगळे आयसी. "यातले बहुतेक पोरांनी जाळलेत," म्हणाले, "तुझा टाक यात." तिने टाकला आणि दुसरा मागून घेतला.

"सिव्हिल मुलींचं नाही" म्हणणाऱ्यांना मी शकुंतला भगत यांचं नाव सांगते. माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजातून 1953 साली त्या सिव्हिल इंजिनिअर झाल्या, देशातल्या अगदी सुरुवातीच्या महिला सिव्हिल इंजिनिअरांपैकी एक. पुढे पतीसोबत 'क्वाड्रिकॉन' कंपनी काढली. सुटे पोलादी भाग जोडून उभा करायचा पूल ही त्यांची खासियत. 1972 मध्ये असा पूल हिमाचलातल्या डोंगराळ स्पितीत उभा राहिला. आणि इथे आम्ही ठाण्याची साइट लांब पडेल का, याचा घोळ घालतोय.

घोळ घालू नका असं मात्र म्हणणार नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा जरूर विचारा: वर्कशॉपच्या मजल्यावर लेडीज टॉयलेट आहे का, संध्याकाळी लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, होस्टेलच्या मुलींना त्याआधीच आत यावं लागतं का. मुलगे रात्री दहापर्यंत रोबोट जुळवत बसतात आणि मुली साताची गाडी पकडतात, तिथेही बरंच शिकायचं राहून जातं. मुलीला ब्रँच बदलायला लावण्यापेक्षा ही चौकशी जास्त कामाची.

आणि कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म: त्यात कॉलेज आणि ब्रँच पसंतीक्रमाने भरायच्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद. म्हणजे पहिल्या ओळीत काय आहे, याला फार महत्त्व. तो फॉर्म बहुतेक घरांत बाबा भरतात, पासवर्ड त्यांच्याकडे, ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर. या वेळी नंबर तिचा टाका.